ताशी एकाहत्तर

"एकाहत्तर म्हणे. एवढं तर माझं वजन नाही."

बाथरूमच्या बंद दारातून हे वाक्य तिसऱ्यांदा बाहेर आलं, तेव्हा काकूंनी चहा गाळायला घेतला. आत नळ वाहत होता, दाढीचा ब्रश मगावर आपटत होता आणि काटासाहेब आरशाशी भांडत होते. आरसा निमूटपणे ऐकून घेत होता. काकूंनी आपला वाटा काल संध्याकाळीच ऐकून संपवला होता.

कालच्या टपालाने पोलिसांचा कागद आला होता. पुलाच्या अलीकडचा सरळ रस्ता, सोमवार, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. मर्यादा पन्नास, रडार यंत्राने नोंदलेला वेग एकाहत्तर. दंड भरा, नाहीतर चौदा दिवसांत हरकत घ्या. दंड इतका किरकोळ होता की दुसऱ्या कुणी कागद वाचता वाचताच भरून टाकला असता. सोबत गाडीचा मागून काढलेला फोटो होता. काचेतून दोन डोकी दिसत होती, एक टक्कल आणि एक अंबाडा. टकलाची बाजू कालपासून सविस्तर मांडली जात होती. अंबाड्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

काटासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते आणि हे नाव बाजाराने ठेवलं होतं. दुकानदार त्यांना नाना सबबी सांगत. वारा आला, टेबल डुगडुगतं, काट्यावर माशी बसली होती. साहेब सगळं ऐकून घेत आणि वही उघडता उघडता म्हणत, "यंत्रावर संशय घेण्याआधी स्वतःवर घ्या." आठ महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि बाजार सुटला, सापडलं ते घर. भिंतीवरचं घड्याळ रोज रेडिओशी जुळवलं जाऊ लागलं. स्वयंपाकघरातल्या काट्याची महिन्यातून दोनदा तपासणी होऊ लागली. काकू चहात साखर अंदाजाने टाकत, त्याबद्दल त्यांना दोनदा तोंडी समज मिळाली होती.

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून साहेब बाहेर आले.

"वारा होता त्या दिवशी," ते म्हणाले. "आणि शेजारून ट्रक गेला असणार. त्याचा वेग आपल्या नावावर लागला. खांबही हलत असेल."

"माशी नव्हती का बसलेली?" काकूंनी विचारलं.

साहेब चहा न घेताच परत आत गेले. जन्मभर दुसऱ्यांची मापं काढलेल्या माणसाचं माप पहिल्यांदाच कुणीतरी काढलं होतं आणि ते भलतंच जास्त भरलं होतं. दंड त्यांना टोचत नव्हता. आपला शब्द म्हणजे शिक्का, या एका गोष्टीवर त्यांनी चौतीस वर्षं मान ताठ ठेवली होती आणि निवृत्तीनंतर ताठ ठेवण्यासारखं तेवढंच उरलं होतं. काकूंना हे कळत होतं, म्हणून त्या माशीच्या पुढे काही बोलल्या नाहीत.

तळमजल्यावर एक वकील राहत. त्यांची वकिली फारशी चालत नसे, त्यामुळे हाती येईल त्या प्रकरणाला ते भरपूर वेळ देत. कागद उजेडाकडे धरून, उलटा करून, वास घेतल्यासारखं करून त्यांनी सांगितलं की हरकत घ्यायचे तीन रस्ते आहेत. यंत्राचा कोन चुकला असेल, हा एक. वजनमापं खात्याकडून यंत्राची वर्षाची पडताळणी झाली नसेल, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे हा माणूस इतक्या जोरात गाडी चालवूच शकत नाही. तिसरा रस्ता सांगताना वकिलांचे डोळे चमकले. "साहेब, यावर तर साक्षीदारांची रांग लागेल," ते म्हणाले.

रांग खरोखरच लागली. इमारतीत आजवर वर्गणीसाठी दार न उघडणारी माणसं या कामासाठी स्वतःची पेनं घेऊन आली. व्यायामाच्या मास्तरांनी लिहून दिलं की सकाळी धावताना साहेबांची गाडी भेटली की ते खिडकीतून गप्पा मारत बरोबरीने धावतात, त्यांना धाप लागत नाही, उलट मधूनमधून थांबावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या शिवणाच्या बाईंनी लिहिलं, की साहेबांनी एकदा बस स्टँडवर सोडतो म्हणून गाडीत घेतलं, तेव्हा बस चुकू नये म्हणून त्या वाटेत उतरून चालत गेल्या आणि बस मिळाली. लेक रविवारी आली होती, तिनेही एक परिच्छेद लिहिला. शाळेच्या परीक्षेला बाबा गाडीने सोडणार हे कळल्यावर ती आदल्या दिवशी रडली होती, ही गोष्ट घरात तेव्हा पहिल्यांदाच उघड झाली.

साहेबांनी सगळी निवेदनं ओळीने वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा आंबत गेला.

"ही माझ्या बाजूची माणसं?"

"बाजूचीच आहेत," काकू म्हणाल्या. "विरुद्ध असती तर इतकं मनापासून लिहिलं नसतं."

मग दोन दिवस साहेब वेगळ्याच पेचात होते. एकाहत्तर कबूल करावं तर शिक्का गेला. नाकारावं, तर आपण रस्त्यावरचा अडथळा आहोत हे सरकारदरबारी सहीनिशी नोंदलं जाणार. तिसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी वकिलांना हळूच सांगितलं की मनात आणलं तर आपणही जाऊ शकतो जोरात, तसं काही नाही. वकिलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हे कुणाजवळ बोलू नका म्हणाले.

तेव्हा तिसरा रस्ता बंद करून साहेब पहिल्यावर आले. मोजमाप आपण स्वतः घेऊ, असं त्यांनी जाहीर केलं. बुधवारी सकाळी दहा वाजता काकू पुलाच्या अलीकडे, दुभाजकावर, तीस मीटरच्या टेपचं एक टोक धरून उभ्या होत्या. दुसरं टोक धरून साहेब रडारच्या खांबाकडे मोजत चालले होते. ऊन चढत होतं. एक रिकामी टॅक्सी दोनदा येऊन गेली. एका स्कूटरवाल्याने रस्ता रुंद होणार का, असं थांबून विचारलं. काकूंनी हो म्हणून सांगितलं. तेवढाच एक माणूस तरी खूश झाला.

टेप धरून उभं राहण्यात डोक्याला काम नसतं, त्यामुळे काकूंना तो सोमवार पुन्हा दिसायला लागला. साडेअकराला साहेबांचा फोन वाजला होता. फोन जुन्या ऑफिसमधून होता. नवीन मॅडमने, म्हणजे त्यांच्या जागी आलेल्या मुलीने, जरा येऊन जाल का असं विचारलं होतं. आठ महिन्यांत तिथून आलेला तो पहिला फोन. साहेबांनी पुढचं नीट ऐकलंही नाही. त्यांनी ऑफिसचा शर्ट चढवला, खिशाला दोन पेनं लावली आणि भिंगाचा चष्मा घेतला. काकूंची दाढ दुखत होती, त्यांना वाटेत दंतवैद्याकडे सोडायचं ठरलं. दंतवैद्याची पाटी आली आणि गेली. काकूंनी गाल धरलेला हात सोडून दाराची मूठ धरली. समोरचा काटा त्यांना स्पष्ट दिसत होता. साहेब शीळ घालत होते. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, या माणसाला शीळ घालता येते हे काकूंना माहीत नव्हतं.

ऑफिसच्या दारात गाडी थांबली. साहेब जवळजवळ पळतच आत गेले आणि चार मिनिटांनी बाहेर आले. खालच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जुडग्यात राहून गेली होती, एवढंच. येताना गाडी तिशीच्या आत होती. "नवीन माणसं आहेत, गोंधळ व्हायचाच," असं साहेब एकदाच म्हणाले आणि काकू गाल धरून हो म्हणाल्या. त्यानंतर त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोललं नाही. दाढसुद्धा काकूंनी दुसऱ्या दिवशी एकटीने जाऊन दाखवली.

"अगं, आपली गाडी इथेच होती ना?" टेपच्या दुसऱ्या टोकाकडून साहेबांनी विचारलं.

"थोडी पुढे," काकू म्हणाल्या. "अहो, ऐका ना, त्या दिवशी…"

"राहू दे, कोन बरोबर आहे," साहेब घाईघाईने म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले.

आता दुसरा रस्ता तेवढा उरला. यंत्राच्या पडताळणीचा दाखला मिळावा म्हणून साहेबांनी रीतसर अर्ज केला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. खातं आपण आतून पाहिलंय, ते लेकीला सांगत होते. पोलिसांची यंत्रं वेळेवर तपासून होतच नाहीत, कागद तेवढे होतात. एवढं बोलून ते हसले. सुनावणीच्या पाच दिवस आधी पाकीट आलं. वकीलही वर आले. लेक होतीच. साहेबांनी चष्मा पुसला, पाकीट कात्रीने सरळ कापलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

यंत्राची पडताळणी झाली होती. तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती. यंत्र अचूक आढळलं होतं. शिक्का होता. खाली सही होती.

साहेब सहीपाशी थांबले ते थांबलेच.

"कुणाची आहे?" वकिलांनी विचारलं.

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. सही ठसठशीत होती, शेवटी शेपटीसारखा फराटा. घराच्या कागदांवर, लेकीच्या प्रगतिपुस्तकावर, शेजाऱ्यांच्या दाखल्यांवर सगळ्यांनी पाहिलेली. तारीख त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची होती. त्या दुपारी निरोपसमारंभ होता. एका हातात केकची बशी, गळ्यात फुलांचा हार, समोर फोटोवाला, आणि शिपायाने तेवढ्यात पुढे सरकवलेले एकेचाळीस कागद. साहेब आजवर कधी न तपासता सही करत नसत. पण त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते.

वकिलांना हे सारं कळायला अर्धं मिनिट लागलं आणि मग ते उभेच राहिले. असा पुरावा आपल्याला जन्मात मिळाला नव्हता, ते म्हणाले. साहेबांनी सुनावणीत एवढंच सांगायचं, की यंत्र न तपासता मी सही केली. दाखला रद्द, दाखला रद्द तर नोंद रद्द, नोंद रद्द तर दंड रद्द. "सोपं आहे हो. तुम्हाला खोटं बोलायचंच नाहीये."

"हो ना," साहेब म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी घड्याळ जुळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वकील आणि लेक पुन्हा त्याच कागदावर बोलत बसले होते, तेव्हा दारात नवीन मॅडम उभी राहिली. वय असेल अठ्ठावीस, खांद्याला जड पिशवी. ऑफिसचं कुणी घरी येण्याची ही आठ महिन्यांतली पहिली वेळ, त्यामुळे साहेब नको तितके खुलले. त्यांनी काकूंना चहा ठेवायला सांगितला आणि साखर किती याची विचारपूसही केली नाही. मॅडम संकोचली होती. दाखल्यासाठी आलेला अर्ज तिनेच पाहिला होता, त्यावरचं नाव पाहिलं होतं आणि दाखल्यावरची सहीही.

"सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "त्या दिवशीच्या एकेचाळीसपैकी चाळीस यंत्रं मी आल्या आल्याच पुन्हा तपासली. सगळी बरोबर होती. हे एकच पोलिसांकडे होतं म्हणून राहिलं."

"पुन्हा का तपासलीत?"

"माझे आधीचे वरिष्ठ सांगायचे, निरोपाच्या दिवशीच्या सह्या मोजू नयेत. माणूस भरून आलेला असतो."

साहेब चष्मा पुसू लागले. मॅडमला वाटलं आपण जास्त बोललो, म्हणून ती सारवासारव करायला गेली. "तुम्ही किती तत्पर आहात हे काय मला माहीत नाही का. त्या किल्लीच्या दिवशी साडेअकराला मी फोन ठेवला आणि बाराला दहा कमी असताना तुम्ही दारात. खरं तर उद्या आणली असती तरी चाललं असतं."

घरापासून ऑफिसपर्यंतचं अंतर साहेबांना पन्नास मिनिटांचं होतं. हे लेकीला पाठ होतं, वकिलांना ठाऊक होतं, व्यायामाचे मास्तर असते तर त्यांनीही सांगितलं असतं. खोलीत साहेबांसकट तीन माणसांनी एकाच वेळी एकच वजाबाकी केली आणि तिघांनीही चहाचा कप तोंडाला लावला. लेकीने आईकडे पाहिलं. काकू बिस्किटांची बशी सरळ करत होत्या. वकील छताकडे पाहून म्हणाले की पंखा हलतोय, बघून घ्यायला हवा.

"ते यंत्र आणवता येईल?" साहेबांनी शेवटी विचारलं. "एकदा तपासू या. राहिलंय ते करू."

चार महिन्यांनी तपासणीची पाळी येणारच होती, तेव्हा मॅडमने ती अलीकडे आणली. शुक्रवारी साहेब काकूंना घेऊन प्रयोगशाळेत गेले. रडार तपासायला लोखंडाचे तीन चिमटे असतात. ठोकून यंत्रासमोर धरले की त्यांच्या थरथरण्याने यंत्राला समोरून गाडी आल्यासारखं वाटतं. एकाने तीसची, एकाने पन्नासची, एकाने ऐंशीची. साहेबांनी बाह्या दुमडल्या. पहिला चिमटा ठोकला. यंत्राने तीस दाखवलं. दुसऱ्याला पन्नास, तिसऱ्याला ऐंशी. साहेबांनी पुन्हा केलं. उभं राहून केलं, बसून केलं, पंखा बंद करून केलं. काकूंनी चौदापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. यंत्र एका अंकानेही हललं नाही. इतक्या प्रामाणिक यंत्राने कुणाची इतकी निराशा केली नसेल.

"म्हणजे सर, तुमची सही बरोबरच होती," मॅडम आनंदाने म्हणाली.

साहेबांनी बाह्या सोडल्या. घरी येताना त्यांनी दोन सिग्नल हिरवे असूनही गाडी थांबवली.

सुनावणी एका लांबट खोलीत होती. समोर एक अधिकारी, त्याच्यापुढे नमुन्याच्या कागदांची चळत, मागे बाकावर हरकतवाले. एकेक जण उठून वारा, ट्रक आणि खांब यांच्याबद्दल सांगत होता. अधिकारी ऐकून घेत होता आणि वही उघडता उघडता मान हलवत होता. काटासाहेबांनी ते पाहिलं आणि खाली मान घातली. वकिलांनी त्यांच्या कानाला लागून पुन्हा सांगितलं की नवा दाखला आताचा, गुन्हा मागचा. मागच्या तारखेला सही आंधळीच होती. एवढं एक वाक्य आणि आपण मोकळे. लेक दुसऱ्या बाजूने म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाटेल ते करा," आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

नंबर पुकारला. साहेब उभे राहिले.

"यंत्राबद्दल हरकत आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

साहेबांनी सांगितलं की दाखल्यावरची सही आपली आहे. ती आपण न तपासता केली होती. वकील खुर्चीत पुढे सरकले. पण शुक्रवारी आपण यंत्र स्वतः तपासलं आहे, साहेब म्हणाले, आणि ते बरोबर आहे. सहीची चूक आपली, तिची वेगळी काय ती दखल घ्यावी. यंत्राबद्दल हरकत नाही. वकील खुर्चीत मागे सरकले.

अधिकाऱ्याला असा प्रकार नवीन होता. त्याने नमुना उलटापालटा करून पाहिला. "मग तुमचं म्हणणं काय? वेग मान्य आहे?"

साहेबांनी हातातल्या दाखल्याकडे पाहिलं. दाखला सोपा होता, तो कागदावर होता. हे कागदावर नव्हतं.

"एकाहत्तरच होता," मागच्या बाकावरून काकू म्हणाल्या. "मी शेजारी बसले होते. काटा बघत होते." मग आवाज खाली आणून त्यांनी जोडलं, "गाडी छान चालवत होते मात्र. अगदी छान."

साहेबांनी वळून पाहिलं. पंधरा दिवसांत त्यांनी बायकोकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. काकूंनी नजर हलवली नाही.

"मान्य आहे," साहेब अधिकाऱ्याला म्हणाले.

"बरं. आता घाईचं कारण लिहावं लागतं, रकाना आहे." अधिकाऱ्याने पेन टेकवलं. "आजारपण?"

"नाही."

"अपघात? गाडी गाठायची होती?"

"नाही."

"मग इतर. इतर काय ते सांगा."

लेकीने पर्स मिटली. वकिलांना इथेही पंखा सापडला. नवीन मॅडम आपला अहवाल घेऊन दाराशी उभी होती. तिला एकदम काय ते कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. साहेबांनी घसा साफ केला. एकदा झालं नाही, म्हणून पुन्हा केला.

"ऑफिसातून फोन आला होता," काटासाहेब म्हणाले. "मला वाटलं, माझ्यावाचून त्यांचं अडलंय."